तंबूच्या मागे, सूट घालून

बुध. ४ डिसेंबर

सूट सहाशे दिरहम. म्हणजे आपले चौदा हजार रुपये धरा. टाय त्यात नाही, तो ईशाने स्वतः निवडून दिला, "पप्पा, धिस वन. नॉट दॅट वन, प्लीज." पण सुटाची खरी किंमत ती नव्हे. तीन आठवडे घरी फक्त आंघोळीला गेलो. डाव्या अंगठ्यात स्टेपल घुसली, नख काळं पडलंय. नीताच्या मावसबहिणीकडचं बारसं चुकवलं, ते ती आता जन्मभर ऐकवणार. आणि एवढं करून सूट घातला किती? एक संध्याकाळ. पाहिला कुणी? गुलखान ड्रायव्हरने आणि एका जनरेटरने.

चार दिवसांच्या सुट्टीनंतर आज गाद्या-सोफ्यांच्या दुकानाचं शटर वर केलं. आठच्या आठ कारागीर हजर. डोळे सुजलेले, फटाके बघायला समुद्रावर, कॉर्निशला गेले होते सगळे. एकाच्या केसांत अजून स्प्रेचा फेस. गुलखानने पिकअपच्या बॉनेटवरचा झेंडा काढायला घेतला, रंग निघेना, शेवटी केरोसीन लावलं. मशिनींना तेल. चहा. मास्तरांनी नेहमीसारखी अगरबत्ती लावली. सगळं रोजचं. फक्त मी रोजचा नाही.

मी मुळात गोड माणूस. माझा राग दोन दिवसांत नासतो, फ्रीजबाहेर ठेवलेल्या दुधासारखा. पंचवीस वर्षांत ह्यामुळे बरंच नुकसान झालंय. म्हणून ह्या वेळी लिहून ठेवतोय. लिहिलं की टिकतं.

तर झालं ते असं. राष्ट्रीय दिनाचा शेखसाहेबांचा तंबू. कंत्राट सतीशच्या इव्हेंट कंपनीचं, आतली सगळी मजलिस आपली. जमिनीलगतच्या लांब गाद्या, पाठी, लोड, तक्के, सगळं ह्या आठ मशिनींवर झालेलं. सतीश महिनाभर आधीपासून सांगत होता, "जन्या, शेखसाहेबांची पद्धत आहे. गहवा झाला की ज्याने हाताने काम केलंय त्याला आत बोलावतात. नाव पुकारतात. हात मिळवतात, शेजारी बसवून कॉफी देतात. तू एक सूट शिव."

शिवला.

सोमवारी संध्याकाळी गेटवर हा वॉकीटॉकी घेऊन. म्हणतो, "तू मागे थांब, स्टाफच्या दाराने बोलावतील." मी तिथेच ऐकवलं, त्याच्या त्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरींसमोर: "मागच्या दाराने यायला मी काय भांडी घासायला आलोय? पुढून बोलावलंस तर येईन, नाहीतर नाही." तो हसला. "थांब रे लेका."

थांबलो. मागे केटरिंगचे ट्रक, गहव्याच्या, म्हणजे अरबी कॉफीच्या, शेगड्या, आणि भिंतीएवढा जनरेटर. गुलखानच्या पिकअपमध्ये सूट घालून बसलो, घडी मोडू नये म्हणून पाठ न टेकता. गाड्या आल्या. नाच झाला. फटाके झाले. गाड्या गेल्या. मला कुणी बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या स्टेटसला फोटो. मध्ये शेखसाहेब, शेजारी सतीश, त्याच्या शेजारी त्याचा तो बैरूतचा डिझायनर, छातीवर हात ठेवून. ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही तो. खाली लिहिलंय, प्राऊड मोमेंट विथ द टीम.

टीम!

यापुढे सतीशला ह्या वहीत स. लिहायचं. पूर्ण नावाची त्याची लायकी नाही.


गुरु. ५ डिसें.

तंबूतल्या गाद्या कालच ट्रकने परत आल्यात. काय दशा केलीय. कॉफीचे डाग, खजुराचा चिकटा, चमकीचे कागद शिवणीत घुसलेले. सगळ्याची खोळ बदलायची आहे, कारण पुढच्या शुक्रवारी, तेरा तारखेला, त्याच मैदानात शेखांच्या घरचं लग्न. झेंड्याचे रंग जाऊन मोतिया आणि सोनेरी हवं. काम पुन्हा स.कडे. कापडाचे तागे त्याने सुट्टीच्या आधीच पाठवून ठेवलेत, कोपऱ्यात उभे आहेत, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

म्हणजे गाद्या माझ्याकडे. कापड माझ्याकडे. तारीख त्याची.

आणि ह्या तंबूवरच स.चं ऑफिस चालतं. बाकीची कामं आटलीत, त्यानेच मला सांगितलंय, ह्याच दुकानात, ह्याच स्टुलावर बसून. "जन्या, हे राजवाड्याचं काम आहे म्हणून मी उभा आहे."

बघू किती वेळ उभा राहतो.

दुपारी त्याच्या ऑफिसातून पोरीचा फोन. किती झालं, कधी देणार. म्हटलं, बेटा, सुट्टीनंतर माणसंच परत आली नाहीत, आठातले तीन आलेत, बाकीचे कुठे फिरतायत अल्ला जाने. "ओह नो, सर." मागून कुणीतरी तिला दबक्या आवाजात पढवत होतं. आपल्या कानांतून काय सुटतंय! चालू मशिनींच्या गोंगाटात कुठल्या मशीनची सुई बोथट झालीय ते मी शटरजवळ उभा राहून सांगतो. उस्मान मास्तर तर म्हणालेच होते, "सेठ के कान नहीं, राडार है." झाली त्याला काही वर्षं. पण राडार ते राडार.

फोन ठेवला. मागे वळून बघतो तर मास्तर माझ्याकडे बघतायत. लखनौकडचा माणूस, नमाजी, खोटं ऐकलं की दाढी खाजवतो. खाजवत होते.

"मास्टरजी, दुसरं काम घ्या आधी. अजमानच्या हॉटेलचे पडदे."
"और शादी का?"
"वो मैं बोलूँगा तब."


शुक्र. ६ डिसें.

स.चे पाच मिस्ड कॉल. एक मेसेज: जन्या फोन उचल.

नाही उचलत.

अर्धा दिवस काम. नमाजला सगळे गेले, दुकानात मी एकटा. आठवत बसलो, नको ते. शारजाची ती खोली. सहा जण, तीन दुमजली खाटा. वरची स.ची, खालची माझी. तो साताऱ्याचा बीकॉम, मी कुडाळचा नववी नापास. माझं पहिलं कोटेशन इंग्रजीत त्यानेच लिहून दिलं, आणि पहिलं कामही त्यानेच आणलं, त्याच्या तेव्हाच्या साहेबाच्या केबिनचे पडदे. मी त्याला कावीळ झाली तेव्हा पेज भरवली आहे. माझ्या दुकानाचं लायसन्स काढलं त्या दिवशी तो रडला होता, मी नाही. म्हणाला होता, "लेका, आपल्या खोलीतला एक तरी मालक झाला."

राग निवायला लागला, म्हणून त्याचा तो फोटो पुन्हा काढून पाहिला. बरं वाटलं.

संध्याकाळी नीताशी टीव्हीवरून कटकट. म्हणते, केवढा मोठा लावता, शेजारची बाई काल बेल मारून गेली. म्हटलं, हल्लीच्या मालिकांत सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात, मी काय करू.


शनि. ७ डिसें.

आला. स्वतः आला. मला माहीत होतं.

पांढरी गाडी, मागच्या काचेवर अजून सणाचा स्टिकर. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं, कटिंग टेबलावर वाकून उगाच पट्टी लावत बसलो. मास्तरांनी येऊन खांद्याला हात लावला, "सेठ, कब से आवाज़ दे रहे हैं." म्हटलं, "देने दो."

स्टूल रिकामं होतं. मी त्यावर टेप आणि कात्री ठेवली. तो फोमच्या तुकड्यांच्या पोत्यावर बसला, इस्त्रीच्या पँटीत. पोतं खाली गेलं, तो खाली गेला. मला खूप बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

"जन्या, कुठवर आलंय?"

"माणसं नाहीत. सुट्टी लांबली त्यांची."

मागे आठही मशिनी खडखडत होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलेलं मी पाहिलं.

"ही कोण बसलीयत मग?"

"ती दुसऱ्याच्या कामावर आहेत."

"अरे, गुरुवारी गाद्या तंबूत लागायला हव्यात. अबू सैफ स्वतः बघायला येणारे." अबू सैफ म्हणजे राजवाड्याच्या ऑफिसातला, कंत्राटं त्याच्या हातात. "तुला ठाऊकाय, ह्यात घोळ झाला तर मी संपलो."

"टीम आहे की तुझी. बसव त्या बैरूतवाल्याला ओव्हरलॉक मशीनवर."

तो म्हणतो काय, "त्याला कशाला मध्ये आणतोस? आणि त्या दिवशी तू जे केलंस, ते मी कुणाकडे बोललोय का? अजून कुणाला कळू दिलं नाही."

मी? मी केलं? उलटा चोर! सूट घालून संध्याकाळभर डिझेलचा धूर खाल्ला, हे केलं मी. डोक्यात तिडीक गेली. सरळ शटरकडे बोट दाखवलं.

उठला. पोत्याचा भुगा पँटीला लागलेला, झटकलासुद्धा नाही. चहा तसाच राहिला. गुलखानने प्यायला.

"सेठ," गुलखान म्हणतो, "साब का मुँह ऐसा था जैसे घर में मय्यत हो."

"होगी," मी म्हटलं.


रवि. ८ डिसें.

सुट्टी. नीता, ईशा, मी, बीचवर. वाळूत अजूनही झेंड्याच्या कागदी पताका. ईशा काहीतरी सांगत होती, शाळेतल्या कुठल्या तरी स्पर्धेचं. मी "हं" म्हटलं. तर म्हणते, "पप्पा, आय आस्क्ड यू अ क्वेश्चन. थ्री टाइम्स." डोक्यात स. असला की असं होतं.

नीताला सगळं सांगितलं. वाटलं, माझ्या बाजूने दोन शिव्या तरी घालेल. ती म्हणाली, "सतीशभावजींना एकदा विचारा तरी, का नाही बोलावलं."

"विचारायचं कशाला? फोटो आहे की."

"फोटोत काय दिसतं? तुम्ही नाही एवढंच दिसतं."

बायकांना हे कळायचं नाही. गाद्या उशिरा देऊन काय होईल? ओरडा खाईल आणि सुटेल. त्यापेक्षा चांगलं सुचलंय. इथे लिहीत नाही, आधी करतो.


सोम. ९ डिसें.

केलं.

सकाळी सूट घातला. होय, तोच. थेट अबू सैफच्या ऑफिसात. बाहेर तासभर बसवलं, मग आत घेतलं. मोठा दिलदार माणूस, आपल्याशी हिंदीत बोलतो, अर्धी अरबी, अर्धी दुबईची.

"तुम मजलिसवाला? शुगल जैन, वल्ला. बहुत अच्छा काम."

गहवा आला. खजूर आले. मी कार्ड ठेवलं. म्हटलं, साहेब, गाद्या आमच्या, पाठी आमच्या, लोड आमचे, मध्ये दुसरा कशाला? थेट आमच्याशीच बोला की.

तो म्हणाला, "सतीश अच्छा आदमी. तुम्हारा बहुत तारीफ करता."

हे अपेक्षित नव्हतं. धंद्यातली तारीफ, दुसरं काय. पण अर्धं काम करून परत फिरायला मी आलो नव्हतो. म्हटलं, तारीफ ठीक, पण लग्नाचं कापडच त्याने अजून दिलेलं नाही. माझी माणसं बसून आहेत. शुक्रवारचं होणार कसं, मला चिंता लागलीय, म्हणून आलो.

असं म्हणालो. चेहरा न हलवता.

अबू सैफने फिंजान, गहव्याचा तो बिनकानाचा छोटा कप, बोटांत फिरवला. "तुम कापड लेगा? खुद?"

"आजच. गुरुवारी सगळं तंबूत. माझी जबान."

"खलास. इन्शाल्ला. हम सतीश को बोलेगा."

बाहेर आलो तर पार्किंगमध्ये वारा सुटला होता, टाय तोंडावर येत होता. दुकानात पोचल्या पोचल्या म्हटलं, मास्टरजी, काढा ते तागे, प्लास्टिक फाडा, यल्ला. मोतिया खाली, सोनेरी पायपिंग वर. मास्तरांनी एक शब्द विचारला नाही. ते न विचारणं कानात अजून आहे.


मंगळ. १० डिसें.

स.चा मेसेज, दुपारी. उतरवून ठेवतो:

"अबू सैफचा फोन आला. मजलिसचं काम ह्यापुढे थेट तुझं. तंबूचंही ते दुसऱ्याला देतायत, म्हणाले ज्याला कापड वेळेवर देता येत नाही त्याच्यावर विसंबता येत नाही. कापड सुट्टीच्या आधीच तुझ्याकडे आलंय हे मी त्यांना सांगितलं नाही. अभिनंदन, जन्या."

तीनदा वाचला.

संध्याकाळी सगळ्यांना जिलेबी. दोन किलो, गरम. मास्तरांनी हात जोडले, "शुगर है, सेठ." त्यांना शुगर नाही. मागच्या ईदला शीरखुर्मा तीन वाट्या खाल्ला होता माझ्यासमोर.

"मास्टरजी, साफ बोला."

"क्या बोलूँ. जब मेरा वीज़ा अटका था, आपने बोला था ना, सतीश साब को फ़ोन करो, वो मेरा भाई है." एवढंच. मग मशीनवर बसले, पाय दाबला, आणि त्या आवाजात विषय संपला.

जिंकलो. आज झोप लागायला हरकत नाही.


बुध. ११ डिसें.

काम. फक्त काम. खोळी चढवणं चालू. मोतिया कापडावर हाताचा घामसुद्धा दिसतो, सगळ्यांना पांढरे मोजे दिले. माझे हात मोज्यात मावले नाहीत.

स.चं ऑफिस बंद होतंय म्हणे. फोमवाला हमरियाहून माल घेऊन आला होता, तो सांगत होता. तीन पोरींना नोटीस. त्या फोनवाल्या पोरीलाही. ओह नो, सर.

मी पाठमोरा होऊन फोम मोजायला लागलो. तो परत म्हणाला, मग ओरडूनच म्हणाला, "सेठ, साइन इधर!" तेव्हा सही केली.


गुरु. १२ डिसें.

गाद्या लागल्या. अबू सैफ फिरून फिरून बघून गेला, "जैन, जैन. अच्छा." एका लोडावर हात आपटला, बसून पाहिलं, उठला. सगळं पास. तंबूचे खांब अजून स.च्या कंपनीचेच उभे आहेत, त्याची माणसं ते उद्यानंतर उतरवणार आणि मग परत उभे करणार नाहीत.

मी बाहेर, मागे. जनरेटर तिथेच. आज बंद होता. म्हणून असेल, कुणीतरी बोलत आलं ते सरळ ऐकू आलं.

गहवा वाढणारा. कासरगोडचा मोइदू, राजवाड्याच्या गहव्यावर वीस वर्षं. एका हातात दल्ला, ती गहव्याची चोचीची किटली, एका हातात फिंजान एकात एक घातलेले, सवयीने वाजवत.

"तुम सोफावाला? जनार्दन?"

"हां."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आज मी वर्कशॉपच्या शर्टात. मग एकदम हसला, "अरे, वो सूट तुम था!"

मी म्हटलं, कुठला सूट?

"उस दिन. शेख ने गहवा पिया, बोला, ये मजलिस किसने बनाया, बुलाओ. सतीश साब ने बोला, जनार्दन, बाहर है. मेरे को भेजा. मैं आया, इधर, ये पिकअप यहाँ खड़ा था. जोर से बुलाया. जनार्दन! सोफावाला जनार्दन! तीन बार बुलाया. तुम सामने देख के बैठा था. घूमा नहीं. मैं सोचा, ये इतना बड़ा सूट वाला आदमी, ये तो कोई मेहमान होगा, सोफावाला थोड़ी होगा."

"फिर?"

"फिर क्या. शेख बैठा है, हाथ आगे किया है. मैं अंदर जाके बोला, नहीं है. सतीश साब का मुँह ऐसा हो गया. बोला, उसका तबियत ठीक नहीं, घर भेज दिया. शेख को खाली हाथ थोड़ी छोड़ सकता. बाजू में वो लड़का खड़ा था, उसको आगे कर दिया."

गुलखान कुठे होता, विचारलं. नमाजला गेला होता.

मोइदूने गहवा ओतला. मी घेतला, प्यायलो, पुरे म्हणून फिंजान हलवायचा असतो तो विसरलो, त्याने परत भरला. परत प्यायलो. असे किती झाले कोण जाणे, शेवटी त्यानेच हातातून काढून घेतला.

म्हणजे गेटवर मी जे बोललो होतो, पुढून बोलावलंस तर येईन नाहीतर नाही, ते त्याने खरं मानलं. त्याला वाटलं, मी मुद्दाम आलो नाही. शेखांचा हात हवेत ठेवला, त्याच्या तोंडावर, मुद्दाम. आणि तरी तो कुणाकडे बोलला नाही. पोत्यावर बसून मला तेच सांगत होता.

घरी आलो. सतीशचा नंबर काढून समोर ठेवलाय. सतीश. लावला नाही अजून. काय म्हणू? अबू सैफला काय म्हणू? कापडाचं खोटं होतं म्हटलं तर मी जातो, आठ माणसं जातात. नाही म्हटलं तर तो गेलेलाच आहे.

मोइदूचंच डोक्यात फिरतंय. काच खाली होती. मी जागा होतो. तो सांगतो तिथपासून माझ्या खिडकीपर्यंत तीन पावलं नसतील.

इथवर लिहिलं आणि खांद्यावर हात पडला. ईशा. नीता मघापासून जेवायला हाका मारतेय म्हणे, स्वयंपाकघरातून. दार उघडं आहे. टीव्ही बंद आहे.